दुसऱ्यांदा पहिलीच्या वर्गात

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थिनीने दिलेले भाषण)



याच सभागृहात मी आठवीत असताना वक्तृत्व स्पर्धेत भाषण विसरून खाली उतरले होते. आज बाईंच्या स्मृतिव्याख्यानासाठी त्याच ठिकाणी उभी आहे. या व्यासपीठावरून आजवर साहित्यिक, प्राध्यापक आणि कायदेपंडित बोलून गेले. त्या मालिकेत एक परिचारिका बसते कशी, असा प्रश्न निमंत्रण आले तेव्हा मला पडला, आणि मी तो संस्थेच्या चिटणीसांना विचारलाही. ते म्हणाले, "बाईंच्या विद्यार्थिनीनं काय केलं तेवढं सांगा, म्हणजे झालं."

म्हणून मी विद्वत्तेचे भाषण करणार नाही. विज्ञानाची पदवी आणि बी. एड. घेऊन याच शाळेत काही वर्षे शिकवलेली एक शिक्षिका छत्तिसाव्या वर्षी इंग्लंडमध्ये पुन्हा विद्यार्थिनी कशी झाली, आणि पदवीधरांसाठी असलेल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून नोंदणीकृत परिचारिका कशी झाली, एवढेच सांगणार आहे.

बाईंनी आम्हांला नववी-दहावीला विज्ञान शिकवले. प्रयोगशाळेत ब्युरेटची पातळी वाचताना आम्ही मुली एकमेकींच्या वहीत डोकावून आकडा लिहीत असू. बाई मागे येऊन उभ्या राहत आणि म्हणत, "अंदाज जत्रेतल्या गर्दीचा करावा. इथं डोळा पातळीला आणा, मोजा आणि मग लिहा." त्या वेळी हे वाक्य आम्हांला कंटाळवाणे वाटे. त्याची खरी किंमत मला किती वर्षांनी आणि कुठे कळली, ते पुढे सांगेन.

२०१० साली यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही इंग्लंडला गेलो. मुलगी लहान होती. तेथे शिक्षिका होण्यासाठी तेथील पात्रता नव्याने मिळवावी लागणार होती. घरखर्चाला हातभार म्हणून मी एका वृद्धाश्रमात मदतनिसाचे काम धरले. वृद्धांना आंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे, अंथरुणातच शौच झाले तर स्वच्छ करणे, हे ते काम. पहिल्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ नळाखाली हात धरून उभी होते. पुढे ते काम मला आवडू लागले. मात्र बेळगावला फोन केला की मी म्हणे, "आरोग्य खात्यात आहे." हे पूर्ण खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. एकदा माझ्या तोंडून खरे निघून गेले, तेव्हा आप्पा काही क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, "मास्तरीण होतीस. आता लोकांचं हगमूत काढायला गेलीस काय?" त्यानंतर त्या विषयावर आमचे बोलणे झाले नाही.

२०१७ च्या दिवाळीत मी इकडे आले होते. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या एका कुशीवर घसरून अवघडल्या होत्या. बोलता बोलता मी त्यांचा गुडघा वाकवला, खांद्याखाली हात घातला, त्यांना वळवले आणि पाठीशी उशी लावली. हातांना सवय होती, म्हणून ते आपोआप झाले. बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिले आणि विचारले, "हे कुठं शिकलीस गं?" मी प्रथमच कुणाला तरी सगळे सांगितले. वृद्धाश्रम सांगितला, लाजही सांगितली. त्यांनी उपदेश केला नाही. एवढेच म्हणाल्या, "हात चांगला आहे. आता नीट शीक."

परत गेल्यावर वृद्धाश्रमातील एका वरिष्ठ परिचारिकेने मला वाट दाखवली. ही वाट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही, म्हणून ती थोडी तपशिलाने सांगते.

इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून काम करायचे तर 'नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल' या संस्थेच्या नोंदपुस्तकात आपले नाव असावे लागते. त्यासाठी माझ्या वेळी एकूण ४,६०० तासांचे शिक्षण आवश्यक होते: निम्मे वर्गात आणि निम्मे प्रत्यक्ष रुग्णसेवेत. बारावीनंतर येणारी मुले हे तीन वर्षांत पुरे करतात. परंतु ज्याच्याजवळ आधीच एखादी पदवी आहे, त्याने पूर्वी शिकलेले आणि रुग्णसेवेत मिळवलेले काही तास जमेस धरता येतात. जास्तीत जास्त निम्म्यापर्यंत. असा पदवीधर दोन वर्षांत परिचर्येची पदव्युत्तर पदवी आणि नोंदणी, दोन्ही मिळवू शकतो. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेतही पदवीधरांसाठी असे अभ्यासक्रम आहेत. प्रत्येक देशाचे नियम निराळे, पण तत्त्व हेच.

जमेस धरणे म्हणजे सूट नव्हे. मला माझ्या रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा कोणता भाग शरीरविज्ञानाशी आणि औषधशास्त्राशी जुळतो हे लेखी दाखवावे लागले. भारतीय पदवीची तुल्यता सिद्ध करावी लागली. वृद्धाश्रमातील कामाचे तास वरिष्ठांच्या सहीनिशी मांडावे लागले, आणि प्रत्येक अनुभवातून काय शिकले हे लिहावे लागले. ज्या कामाची मी लाज बाळगली होती, तेच प्रवेश मिळवून देणारे कागद ठरले.

पैशाचेही सांगितले पाहिजे, कारण व्याख्यानांतून हा भाग बहुधा गाळला जातो. माझ्या विद्यापीठाचे शुल्क वर्षाला ९,२५० पौंड होते, तेही कायम वास्तव्याचा परवाना असल्यामुळे. बाहेरून थेट येणाऱ्या विद्यार्थ्याला त्याहून बरेच अधिक पडते. पूर्वी अशा विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळे. पदव्युत्तर वाटेवर ते २०१८ साली बंद झाले, आणि माझी तुकडी त्याच सप्टेंबरात सुरू झाली. आम्ही कर्ज काढून शिकलो. पुढे २०२० पासून वर्षाला किमान ५,००० पौंडांचे न फेडायचे अनुदान सुरू झाले.

वर्गात माझ्याबरोबर एक बँकेत काम केलेली बाई होती, एक संगीताचा पदवीधर होता, एक जण मानसशास्त्र शिकून आलेला होता. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना एक गोष्ट कळली. जुन्या पदवीने आम्हांला वाचायला, तर्क करायला आणि लिहायला शिकवले होते, पण रुग्णाला धक्का न देता पलंगावरून खुर्चीत बसवणे तिने शिकवले नव्हते. तेथे आम्ही सारे पहिलीच्या वर्गातले. औषधांच्या हिशेबाची परीक्षा तर शंभरपैकी शंभर गुण मिळाल्याखेरीज उत्तीर्णच होत नाही. ७५ मिलिग्रॅम औषध द्यायचे आहे, कुपीत २ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम आहे, तर किती मिलिलिटर घ्याल? उत्तर ३. सातवीच्या मुलालाही येईल. परंतु पहाटे चार वाजता, शेजारी घंटी वाजत असताना, थकलेल्या डोक्याने तेच गणित चुकू शकते. आणि येथे नव्व्याण्णव गुण म्हणजे शंभरावा रुग्ण.

माझ्या मुलीला त्या वर्षी शाळेत 'आईचा व्यवसाय' या विषयावर लिहायचे होते. तिने लिहिले, "माझी आई माझ्यासारखीच गृहपाठ करते, पण तिला उशीर झाला तर तिच्या बाईंना खरेच राग येतो." पहाटे साडेपाचची बस, बारा-साडेबारा तासांची पाळी आणि रात्री निबंध, असे ते दिवस होते. उन्हाळ्याची लांब सुट्टी आम्हांला नव्हती. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. यजमानांनी स्वयंपाकघर पूर्णपणे हाती घेतले नसते तर मी पहिल्या सहामाहीतच माघारी फिरले असते.

आता बाईंच्या वाक्याकडे येते.

ब्रिटनच्या रुग्णालयांत प्रौढ रुग्णांच्या सहा गोष्टी ठरावीक वेळाने नोंदवतात: श्वासाची गती, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्धीची अवस्था आणि ताप. प्रत्येक नोंदीला शून्यापासून तीनपर्यंत गुण असतात. रुग्णाला बाहेरून प्राणवायू चालू असेल तर आणखी दोन. लंडनच्या 'रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स'ने ही पद्धत २०१२ साली आणली आणि २०१७ साली सुधारली. बेरीज सात किंवा अधिक झाली, तर तातडीने बोलावणे धाडायचे. यांपैकी बहुतेक नोंदींना काही ना काही साधन असते. श्वास मात्र माणसाने छातीकडे पाहत, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो. घाईच्या वेळी तोच अंदाजाने लिहिला जातो. 'सोळा' हा आकडा तेव्हा फार सोयीचा असतो, कारण त्याला शून्य गुण पडतात.

मी तसे लिहिलेले आहे. पहिल्या वर्षी एका दुपारी, सात रुग्णांच्या नोंदी उरकायच्या होत्या, तेव्हा दोघांच्या कागदावर मी न मोजता सोळा लिहिले. माझ्या मार्गदर्शक परिचारिकेने कागद पाहिले आणि शांतपणे विचारले, "दोघेही अगदी सारखाच श्वास घेतात का?" मी मान खाली घातली. तिने मला परत पाठवले. एकाचा अठरा होता, दुसऱ्याचा वीस. कुणाचे काही बिघडले नाही. पण मला त्या क्षणी बेळगावची प्रयोगशाळा दिसली, आणि शेजारणीच्या वहीत डोकावणारी मी दिसले.

दुसऱ्या वर्षी, शस्त्रक्रियेनंतरच्या एका कक्षात रात्रपाळीला एक वृद्ध गृहस्थ होते. संध्याकाळच्या कागदावर बेरीज तीन होती, श्वास सोळा. त्यांच्या पत्नी घरी जाताना मला म्हणाल्या होत्या, "आज ते मला माझ्या नावाने हाक मारत नाहीत; त्यांच्या बहिणीच्या नावाने मारतात." मी घड्याळ हाती घेऊन उभी राहिले. श्वास सव्वीस भरले. त्याचे तीन गुण. नव्याने आलेला गोंधळ म्हणजे आणखी तीन. प्राणवायू ९५, नाडी १०४, ताप ३८.३ अंश, यांचा प्रत्येकी एक. रक्तदाब ठीक होता. बेरीज नऊ. मी पुन्हा एकदा मोजले, आणि मग माझ्या मार्गदर्शक परिचारिकेला बोलावले. तिने डॉक्टरांना बोलावले. रक्तात जंतुसंसर्ग पसरू लागला होता. तासाभरात त्यांना वरच्या मजल्यावर, अधिक देखरेखीच्या कक्षात हलवले. तीन दिवसांनी मी चौकशी केली, तेव्हा कळले की चहा फिका आहे म्हणून ते तेथील लोकांशी हुज्जत घालत आहेत. मला फार बरे वाटले.

मित्रहो, मी काही मोठे केले नाही. एक मिनिट मोजले, आणि एका वृद्ध पत्नीचे म्हणणे ऐकून त्याचा अर्थ लावला. पण पदवीची गरज कशाला, सेवाभाव पुरे नाही का, या जुन्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले.

हा प्रश्न खरोखर जुना आहे. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा निघाली. त्याच नाइटिंगेल यांनी पुढे परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला विरोध केला. शील आणि वृत्ती यांची परीक्षा कागदावर घेता येत नाही, असे त्यांना वाटे. एथेल बेडफर्ड फेनविक यांचे म्हणणे उलट होते. शिकलेली परिचारिका कोण आणि न शिकलेली कोण, हे रुग्णाला कळण्याचा काहीतरी मार्ग हवा, असे त्या म्हणत. सुमारे तीन दशके त्यांनी हा लढा चालवला. १९१९ साली कायदा झाला आणि नोंदपुस्तकात पहिले नाव त्यांचेच लागले. २०१३ पासून इंग्लंडमध्ये नव्या परिचारिकेला पदवी आवश्यक झाली.

२०१४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपातील नऊ देश, ३०० रुग्णालये आणि शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण त्यात होते. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण जेथे दहा टक्क्यांनी अधिक, तेथे दाखल झाल्यापासून तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासात असेही दिसले की एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की ती शक्यता सात टक्क्यांनी वाढते. हे संबंध आहेत. एकामुळेच दुसरे घडते असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण दोन्ही आकडे एकत्र वाचावेत असे मला वाटते. शिक्षण हवे, आणि मोजायला एक मिनिट उरेल एवढी माणसेही हवीत.

२०१९ साली बाई गेल्या. मी तेव्हा एका कक्षात कामावर होते. बातमी कळली, आणि पाळी संपेपर्यंत मला काम करावे लागले. त्या दिवशी जितक्या रुग्णांना कुशीवर वळवले, तितक्यांदा त्यांची आठवण झाली.

मग मार्च २०२० आला. अंतिम टप्प्यातील विद्यार्थ्यांनी इच्छा असल्यास पगारी जागेवर पूर्णवेळ काम करत शिक्षण पुरे करावे, अशी तात्पुरती सोय कोरोनाच्या साथीत करण्यात आली. घरात दोन दिवस चर्चा झाली. मुलगी रडली. मी होकार कळवला. त्या काळातील सर्व काही येथे सांगणार नाही. ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे. एकच सांगते. २२ मार्चच्या संध्याकाळी इकडे लोकांनी थाळ्या वाजवल्या. आप्पा सज्जात उभे होते. शेजारच्या काकांनी त्यांना विचारले, "तुमची मुलगी तिकडं काय करते हो?" आप्पा म्हणाले, "नर्स होते आहे." हे मला आईने फोनवर सांगितले. आप्पांनी स्वतः कधी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

त्याच वर्षी माझी नोंदणी झाली. विद्यापीठाने माझे शिक्षण, प्रकृती आणि वर्तन यांविषयी कळवले, मी शुल्क भरले, आणि एके सकाळी संगणकावर माझे नाव आणि क्रमांक दिसला. माझी पदवी पदव्युत्तर आहे, हे माझ्या कामाच्या पाटीवर लिहिलेले नसते. साधी पदवी घेतलेली एकवीस वर्षांची मुलगी आणि मी एकाच पाचव्या वेतनश्रेणीत, एकाच दिवशी, एकच काम करत रुजू झालो. काही सहकाऱ्यांना ते खटकले. मला नाही. पदवीमुळे वाट दोन वर्षांची झाली, पण पहिली पायरी सगळ्यांची तीच राहिली, हे मला या पद्धतीतले सर्वांत न्याय्य वाटते. आणि ती नोंदणी कायमची नसते. दर तीन वर्षांनी किमान ४५० तासांचे काम आणि ३५ तासांचा नवा अभ्यास दाखवून ती टिकवावी लागते.

आता आपल्याकडे वळते. आपल्या देशात एम. एस्सी. नर्सिंगसाठी आधी परिचर्येचीच पदवी आणि नोंदणी लागते. रसायनशास्त्राच्या किंवा मानसशास्त्राच्या पदवीधराला थेट त्या वाटेने जाता येत नाही. त्याला आरंभापासून सुरुवात करावी लागते. अशी दारे येथेही उघडावीत का, याचा विचार जाणत्यांनी करावा. मी एवढेच म्हणेन, की तिशी-पस्तिशीत या कामाकडे वळू इच्छिणारी माणसे आपल्या समाजातही असतात. घरात आजाऱ्याची सेवा करता करता त्यांना आपला हात सापडलेला असतो. त्यांचे आधीचे शिक्षण वाया जाऊ नये.

परदेशाचे स्वप्न पाहणाऱ्या मुलांना सावधही करते. ही वाट म्हणजे परवाना मिळवण्याची युक्ती नव्हे. कर्ज मोठे असते, आणि परदेशातील नोंदणी इकडे आपोआप चालत नाही. कुणा दलालाच्या सांगण्यावरून पैसे भरू नका. नियम त्या त्या देशाच्या नोंदणी संस्थेकडूनच वाचा.

पालकांना मात्र माझी वेगळी विनंती आहे. महाराष्ट्रात या कामाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, आणि चांगल्या घरच्या बायकांनी रुग्णालयात जायचे नाही असे मानण्याच्या त्या काळात तेथील स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण दिले गेले. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या अरुणा शानबाग मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होत्या. १९७३ साली त्यांच्यावर झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत त्या रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना जपले. सुमारे बेचाळीस वर्षे. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. त्यांना वळवणे, भरवणे, स्वच्छ ठेवणे खंडित झाले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालपत्रात त्या सेवेची वाखाणणी केली. ज्याला आप्पा एके काळी 'हगमूत काढणे' म्हणाले, ते हेच काम.

तेव्हा उद्या तुमच्या घरातील एखादी मुलगी, किंवा मुलगा, परिचर्येकडे जातो म्हणाला, तर 'एवढे शिकून?' असे विचारू नका. 'नीट शिकणार ना?' असे विचारा. मला तोच प्रश्न योग्य वेळी विचारला गेला.

बाईंच्या खोलीतील त्या दिवाळीच्या दुपारी मी निघताना त्यांनी पुन्हा बोलावले होते. उशी थोडी खाली सरकली होती. मी ती नीट केली. त्या म्हणाल्या, "आता बरोबर." शाळेतल्या पाच वर्षांत माझ्या वहीवर त्यांनी हा शेरा क्वचितच दिला होता. तो मला तेव्हा मिळाला.

बाईंच्या स्मृतीला वंदन करून थांबते.